मॉनिटरमधली गुरुमाउली

रविवारी सकाळी नऊ वाजता शनिवार पेठेतल्या त्या मंगल कार्यालयात चपला काढायलासुद्धा जागा उरली नव्हती. आत चारेकशे माणसं होती आणि सगळ्यांची नजर एका काळ्या पडद्याकडे होती. पडदा म्हणजे कॉम्प्युटरचा साधा मॉनिटर. कुठल्याही ऑफिसात असतो तसाच, फक्त याच्या गळ्यात झेंडूचा हार. वर बारीक अक्षरांत ‘नो सिग्नल’ असं येत होतं.

शेजारी जाड गादीवर दिग्विजयनाथ महाराज मांडी घालून बसले होते.

“बघून घ्या,” महाराज माइकवरून म्हणाले. “कॉम्प्युटर नाही, वायफाय नाही, काही नाही. विजेची वायर सोडली तर मॉनिटरमधून निघालेली ही एकच तार या तांब्याच्या कलशात जाते. कलशात आमच्या गुरुमाउलींच्या समाधीची माती आहे. समाधीत नेटवर्क कधी जात नाही!”

लोक हसले. महाराजांनी दोन्ही हात वर केले, डोळे मिटले, मंत्र पुटपुटला. एक, दोन... आणि पडद्यावर पांढऱ्या दाढीची गुरुमाउली प्रकटली! खाली अक्षरं उमटली: ‘मालनबाई, सुनेशी गोड बोल. गुडघा दुखायचा आपोआप थांबेल.’ पहिल्या रांगेतल्या मालनबाईंनी हंबरडाच फोडला. महाराजांनी डोळे उघडले, माउली गुप्त झाली. पुन्हा ‘नो सिग्नल’.

मी नारायण पेठेत चष्मे विकतो. लोकांना नीट दिसावं यावर माझं पोट आहे, त्यामुळे अशा ठिकाणी मी सहसा फिरकत नाही. पण माझा तीस वर्षांचा मित्र रंगराव आदल्या रविवारी इथे येऊन गेला होता. त्याच्या हृदयात तीन ब्लॉक निघाले होते, बायपासची तारीख ठरली होती. माउलींनी त्याला सांगितलं, ‘रंगराव, काळजाला सुरी लावू नकोस.’ रंगरावाने घरी येऊन आधी हॉस्पिटलला फोन केला आणि ऑपरेशन रद्द केलं. बायकोला, चंद्रभागावहिनींना, त्यानंतर सांगितलं.

मी त्याच्याशी चिक्कार भांडलो.

“मग ते चित्र येतं कुठून, सांग ना,” तो म्हणाला.

“मला नाही माहीत.”

“नाही ना माहीत? मग झालं तर!”

मी चपला घालून घरी आलो. वहिनींनी शेवटी वाघोलीहून मुलीला बोलावून घेतलं. अपेक्षा एका कंपनीत ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिते. हे काम काय असतं ते घरात कुणालाच कळलेलं नव्हतं. रंगराव लोकांना सांगायचा, “पोरगी दिवसभर मॉनिटरची वायर काढते आणि लावते. पगार मात्र बरा आहे.”

तर त्या रविवारी आम्ही तिघं गेलो होतो. दारात एक सेवेकरी फॉर्म भरून घेत होता: नाव, वय, अडचण. अपेक्षाने शांतपणे लिहिलं: सृष्टी, वय चोवीस, लग्न जमत नाही. प्रत्यक्षात तिचं वय चौतीस, आणि तिची मुलगी दुसरीत आहे.

“खोटं कशाला लिहितेस?” रंगराव कुजबुजला. “माउलींना कळणारच!”

“तेच बघायचंय बाबा.”

आत आम्ही अर्धा तास बसलो. सगळे पडद्याकडे बघत होते, ही महाराजांच्या मांडीकडे. मधेच मला म्हणाली, “काका, तार कलशाकडे सरळ जायची सोडून गादीखालून वळसा का घेते?”

“मातीला आवडत असेल.”

“आणि माउली दर वेळी बरोबर दोन सेकंदांनी येते. महाराजांचा उजवा गुडघा दबल्यानंतर.”

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच! हात आकाशाकडे, डोळे मिटलेले, आणि उजवा गुडघा हळूच खाली.

‘सृष्टी’चा पुकारा झाला. अपेक्षा मंचावर गेली, वाकून नमस्कार करताना तिने तळहात गादीच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवला आणि दाबला. महाराजांचे डोळे उघडेच होते, मंत्र तोंडातच होता. दोन सेकंदांत माउली हजर! ‘सृष्टी, येत्या मार्गशीर्षात तुझं लग्न होईल.’

तिने हात उचलला. माउली गेली. दाबला, माउली आली. उचलला, गेली. चौथ्या खेपेला मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, माउलींना जरा बसू द्या!” आणि सभागृहात हशा पिकला.

“हात काढा! भस्म व्हाल!” महाराज ओरडले.

“होईन हं, आधी एवढं सांगते,” असं म्हणत तिने गादीचा कोपरा उलटला. खाली दाराच्या घंटीला असतं तसं एक बटण होतं, आणि तारेतून बाहेर काढलेल्या दोन बारीक वायरी त्याला जोडलेल्या.

“माझं नाव सृष्टी नाही, अपेक्षा. माझं लग्न होऊन दहा वर्षं झाली. मी अजून प्रश्न विचारलाही नव्हता, उत्तर माझ्या फॉर्मवरून आधीच टाइप झालं होतं. आता हे बटण. या केबलच्या आत बऱ्याच तारा असतात. त्यातली एक कॉम्प्युटरला फक्त इतकंच सांगते, की मॉनिटर जोडलाय. ते कळलं की ड्रायव्हर मॉनिटरला विचारतो, तू कोण, केवढा. मॉनिटर आपली माहिती देतो आणि मग चित्र पाठवलं जातं. ही एक तार तोडली तर बाकी सगळं जोडलेलं असूनही कॉम्प्युटरला वाटतं, मॉनिटर काढून नेला. चित्र बंद. यांनी तीच तार कापून मध्ये बटण बसवलंय. गुडघा दाबला की मॉनिटर आला, उचलला की गेला.”

“ड्रायव्हर कुठाय?” मालनबाईंनी विचारलं.

“कलशात असणार, मावशी. तो माणूस नाही, प्रोग्राम आहे.”

मग दोघातिघांनी कलशाच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं. मातीचा पातळ थर, त्याखाली थाळी, थाळीखाली बॅटरीवर चालणारा डब्याएवढा कॉम्प्युटर. महाराज उठले, “आमच्या ध्यानाची वेळ झाली,” असं पुटपुटत मागच्या दाराने निघाले. सेवेकरी त्यांच्याही पुढे. लोक फॉर्म परत मागायला धावले, कारण कुणी काय काय लिहिलं होतं देव जाणे.

रंगराव मात्र जागचा हलला नाही. लेक शेजारी येऊन बसली. मला वाटलं ही आता त्याला झापणार.

“बाबा, तुम्हाला ते खरं वाटलं होतं?”

“मला भीती वाटते गं,” तो म्हणाला. “छाती उघडणार म्हणतात. कुणीतरी नको म्हणावं असं वाटत होतं. त्यांनी म्हटलं.”

अपेक्षाने त्याचा हात धरला. “मग मला सांगायचं ना. उद्या डॉक्टरांना तुमचे सगळे प्रश्न विचारू. एकही शिल्लक ठेवायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना सतरा प्रश्न विचारले, मी मोजले. दोन प्रश्नांवर डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या, “याची खात्री मी देऊ शकत नाही.” बाहेर आल्यावर रंगराव म्हणाला, “बाई खरं बोलते.” त्याने त्याच आठवड्याची तारीख घेतली. ऑपरेशन नीट पार पडलं. आता तो रोज संध्याकाळी दोन किलोमीटर चालतो, आणि चालताना मला हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर व्याख्यान देतो.

भीती वाटली म्हणून कुणी मूर्ख ठरत नाही. पण आपल्याला कळलं नाही, एवढ्यावरून चमत्कार सिद्ध होत नाही. मलाही ती तार माहीत नव्हती. मी प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ म्हणालो आणि तिथेच थांबलो, ही माझी चूक. तिथून पुढे ‘कोणाला माहीत असेल?’ असं विचारायचं असतं. तेवढं विचारा. उत्तर देणारं माणूस बहुधा आपल्या घरातच असतं.