मंगळूच्या गोळ्यांची डबी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. मित्रांनो, म्हसा गावच्या जत्रेत मंगळूने मला विकत घेतले आणि तंबाखू भरून कमरेला खोचले. मुरबाडच्या डोंगराखाली त्याची वाडी. रानातून मध आणला की तो घरटी वाटा पोचवायचा. एकट्याने खाणे म्हणजे तिथे मोठी लाज.

एका सकाळी त्याचे तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. बायको भिमीने वेळ घालवला नाही. झोळीतून सडकेपर्यंत आणि पुढे जीपने तिने त्याला सरकारी दवाखान्यात नेले. मेंदूकडे जाणारे रक्त गुठळीने अडले होते. मंगळू वाचला, हळूहळू चालू लागला, लुळा हातही हलू लागला.

निघताना डॉक्टरांनी बजावले, "तंबाखू बंद. या गोळ्या रोज घ्यायच्या. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, नाहीतर झटका परत येईल."

भिमीने मला राखेने घासले, उन्हात वाळवले आणि माझ्यात गोळ्या ठेवल्या. काय ऐट होती माझी! एका माणसाचा जीव माझ्यापाशी ठेवलेला होता.

पण लुळा हात हलवणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वाडीभर झाली. शेजारची ठमी आली. "माझा पण हात बधिर होतो रे."

"घे गो. मी काय एकटाच खाऊ?"

मग कमळूच्या पाठीसाठी, धाऊच्या गुडघ्यासाठी. भिमी चिडायची, "तुझं औषध हाय ते, परसाद नाय." तो हसायचा, "मी बरा हाय आता." मी रिकामी होत चालले होते आणि मला फार भीती वाटत होती.

भातकापणीत मंगळू बांधावरच कोसळला. या वेळी वाचाही गेली. भिमीने मला तळहातावर उलटे आपटले. काहीच पडले नाही. तेवढ्यात ठमी धावत आली. तिने आपली गोळी खाल्लीच नव्हती, अडीनडीसाठी पदराला बांधून ठेवली होती. "तुझीच हाय रे, घे," म्हणत तिने ती त्याच्या तोंडात घातली. अशा वेळी तोंडात काही घालायचे नसते, हे तिला कोण सांगणार? त्याला गिळता येईना. गोळी लाळेबरोबर ओठातून बाहेर आली. ठमीने ती पुसून पुन्हा घातली. ती पुन्हा बाहेर आली.

जीप दवाखान्यात पोचण्याआधीच मंगळू गेला.

मित्रांनो, इतक्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही, म्हणूनच माझा जीव तुटतो. तुमच्या घरी कुणाच्या रोजच्या गोळ्या असतील, तर त्या ज्याच्या त्यालाच खाऊ द्या. डबी उघडून बघत जा. गोळ्या हिशेबापेक्षा कमी झाल्या असतील तर लगेच मोठ्यांना सांगा. मला तेव्हा ओरडून सांगता आले असते, तर भिमी आज एकटी नसती.