जिवंतपणी ओढलेली झील

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी बसलात तर निम्मी कथा वाऱ्यावर जाईल. रोज देवादिकांच्या कथा ऐकता, आज दोन साध्या माणसांची ऐका. गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

पोटासाठी परमुलखात गेलेले हे दोघे. एक हॉटेलाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायचा, म्हणून त्याला सगळे इस्त्रीवालाच म्हणत. दुसरा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो डेपोत बसगाड्या धुवायचा आणि सीटखाली चिकटलेलं च्युइंगम पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचा. गावाहून येताना दोघांनी एक डफ आणला होता आणि एक गाणं. पुरात गेलेली होडी शोधणाऱ्या नावाड्याचं ते गाणं, चांगलं त्रेसष्ट कडव्यांचं.

आपल्या लोकांत हे गाणं जोडीनंच म्हणतात. पुढचा कडवं म्हणतो. मागचा त्यातला शेवटचा शब्द उचलून लांब ओढतो, ती झील. तेवढ्यात पुढच्यानं श्वास घ्यायचा. पुढच्यानं आपली झील आपण कधी ओढायची नाही. ओढतो तो जन्मात एकदाच, जोडीदार वारल्यावर. तेव्हा ऐकणारे उठून उभे राहतात आणि त्या दिवसापासून गाणं मिटतं. त्यानं ते पुन्हा म्हणायचं नाही, कुणाला शिकवायचंही नाही. गावाकडच्या जोड्या एकेक करून अशाच मिटल्या. उरली होती ही एक.

आता ते पुढच्या पोरांना शिकवायचं तर कुठं? घरात डफाला हात लावला की शेजारी भिंत ठोकायचा. दोघे रविवारी धुलाईखान्याच्या तळघरात, बॉयलरशेजारी बसून गायचे.

"दाजी, तुमचा श्वास आखूड होत चाललाय," मेव्हणा म्हणायचा. "झील ओढता ओढता मी निळा पडतो."

"दिवसभर वाफ खातो मी. तुझ्यासारखा पाण्यात खेळत नाही."

"अहो, मग बहिणीला सांगतो, नवरा बदलून दे."

आणि बहीण जिन्यावरून ओरडायची, "बदलायचा तर दोघांनाही बदलीन!"

अशात सांस्कृतिक केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी निरोप धाडला. शनिवारी दुपारी समितीपुढे गाऊन दाखवा. पसंत पडलं, तर दर रविवारी मुलांना शिकवायला खोली मिळेल. इस्त्रीवाल्यानं घरोघर फिरून अकरा मुलांची नावं गोळा केली. माणूस इतका हरखला, की चादरींच्या घड्या उलट्या घालू लागला.

गुरुवारी मेव्हणा तोंड पाडून आला. "मुकादमानं शनिवारची पाळी लावली. सुट्टी घेतलीस तर सोमवारी येऊ नकोस म्हणाला."

"त्याला सांग ना, गाणं आहे म्हणून."

"दाजी, ही नोकरी गेली तर इथं राहायचा कागद जातो. पुढच्या महिन्यात गाऊ. गाणं काय नासतंय?"

"पुढच्या महिन्यात ती खोली दुसऱ्या कुणाला देतील."

शेवटी बायकोनं तोडगा काढला, "तुम्ही जा, नुसता डफ वाजवा. गाणं मागाहून म्हणू, असं सांगा." इस्त्रीवाल्यानं मान डोलावली.

शनिवारी तो गेला. बायको केंद्राजवळच्याच कँटीनमध्ये कामाला होती. ती काम आटोपून आपल्याकडच्या दोघी बायकांना घेऊन निघाली. इकडे इस्त्रीवाल्यानं डफ वाजवला. समितीतल्या पाच जणांनी मान हलवली आणि घड्याळं बघितली.

व्यवस्थापक बाई मंचाच्या कडेला येऊन कुजबुजल्या, "गाणं कुठंय? डफ तर सगळेच वाजवतात."

"जोडीदार कामावर आहे, बाई."

"मग दोन्ही तुम्हीच म्हणा. इथं कुणाला कळणार आहे?"

त्यानं समोर बघितलं. सगळे परके चेहरे. त्याच्या डोळ्यापुढं ती अकरा मुलं आली असतील. देव माणसाची परीक्षा अशाच वेळी घेतो, जेव्हा चुकीचं काम चांगल्याचा सदरा घालून येतं. त्यानं डोळे मिटले आणि कडवं उचललं. शेवटच्या शब्दाशी आला, क्षणभर थांबला. मागून कुणी येणार नव्हतं. त्यानं आपली झील आपणच ओढली.

तेवढ्यात मागचं दार उघडून त्या तिघी आत आल्या. बायकोबरोबरच्या दोघी जागच्या जागी थिजल्या, त्यांनी डोक्यावर पदर घेतला. पुढे कोपऱ्यात खांबाआड बसलेला आपल्यातला एक म्हातारा रखवालदार काठी टेकत उठून उभा राहिला. त्याला उभं बघून समितीला वाटलं, गाणं फारच आवडलेलं दिसतंय. समितीही उठली आणि टाळ्या वाजवू लागली.

बायकोनं टाळ्या ऐकल्याच नाहीत. तिला एवढंच वाटलं, की भाऊ गेला, डेपोतून फोन आला असणार, नवऱ्याला कळलंय, आपल्याला कुणी सांगितलं नाही. तिनं भावाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पाळीवर फोन कपाटात ठेवायला लागतात, हे तिला ठाऊक होतं, पण त्या घटकेला कुणाला आठवतंय? कँटीनच्या चपला घालूनच ती चार चौक धावली.

भाऊ बसखाली पालथा पडून चाकं धूत होता. नुसते पाय दिसत होते. ते पाय बघून तिनं जो टाहो फोडला, त्यानं सगळा डेपो जमा झाला. तो दचकून बाहेर आला, कपाळ पत्र्यावर आपटलं.

"ताई! काय झालं? दाजींना काही झालं?"

ती त्याचं ओलं तोंड चाचपत राहिली. "तू आहेस ना रे? आहेस ना? त्यांनी तुझी झील ओढली."

त्यानं हातातला ब्रश हळूच बादलीत सोडला. मुकादम म्हणाला, नाटकं घरी करा.

संध्याकाळी इस्त्रीवाला दारात आला, तेव्हा मेव्हणा पिशवी भरून बसला होता.

"खोली मिळाली का, दाजी?"

"मिळाली. अरे, मला वाटलं, तिथं आपलं कुणी नाही..."

"तुम्ही होतात की."

इस्त्रीवाला खाली बसला. "रागाव, मार मला. पण रविवारी ये. अकरा पोरं येणार आहेत."

"कशाला? गाणं मिटलं. रखवालदार उठला, समिती उठली. मला एवढ्या थाटात पोचवल्यावर आता परत कसा येऊ?"

बहिणीनं पिशवी धरली. त्यानं तिच्या पाया पडून ती हळूच सोडवली आणि दुसऱ्या शहरातल्या डेपोत गेला.

रविवारी अकरा मुलं आली. इस्त्रीवाल्यानं त्यांना डफ शिकवला, दोन-चार लहान गाणी शिकवली. एका मुलीनं नावाड्याचं गाणं मागितलं, तर म्हणाला, "ते मला येत नाही." खोली अजून आहे, दारावर पाटीही आहे. बायको त्याला जेवायला वाढते, पण बोलते कामापुरतं.

मी कोण निवाडा करणारा? दोघांसाठीही हात जोडतो. पण तुमच्याकडे एकच मागणं आहे, बाबांनो. आपल्या लोकांत त्या भावाचं नाव आता मेलेल्यांत घेतात. तुम्ही तसं घेऊ नका. तो आहे. आत्ताही कुठल्याशा डेपोत चाकं धूत असेल. जिवंत माणसाची काढावी, तशी त्याची आठवण काढा.