वाढदिवसाची बाई पुढे

मी निबियाची निळी सायकल. निळी म्हणण्याइतका रंग आता अंगावर उरलेला नाही, आणि सध्या माझ्यावर बसते ती बाईही निबिया नाही. तरी गावातल्या बायका मला अजून 'निबियाची निळी' असंच म्हणतात. मी कशाला त्यांची चूक काढू? ऐकायला बरं वाटतं.

माझा जन्म मोन्तेविदेओ शहरातल्या एका कारखान्यात झाला. कारखाना केव्हाच बंद पडला. बायकांसाठी म्हणून माझा दांडा खाली वाकवलेला, पुढे वेताची टोपली, मागे कॅरिअर. नदीकाठच्या या गावातल्या दातांच्या डॉक्टरने मला बायकोसाठी आणलं. बाईसाहेब माझ्यावर दोनदा बसल्या. दुसऱ्यांदा त्या द्राक्षमळ्याच्या कुंपणात घुसल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "ही मला नको, हिचं चाकच वाकडं आहे." माझं चाक सरळ होतं. त्या रस्ता सोडून शेजारणीच्या नव्या पडद्यांकडे बघत होत्या.

मग माझी रवानगी मागच्या खोपट्यात झाली. तिथे कोंबड्या माझ्या सीटवर झोपायच्या. त्यांनी तिथे आणखी काय काय केलं, ते सांगायची ही जागा नव्हे.

निबियाने मला तिथून सोडवलं. जन्मभर ती औषधांच्या दुकानात उभी होती. डॉक्टरांचं ते किड्यामुंग्यांसारखं अक्षर गावात तिलाच लागायचं. नवरा वारलेला, मूल नाही. काम सुटलं त्या वर्षी तिने दातांच्या डॉक्टरला घरातलं एक मोठं कपाट दिलं आणि बदल्यात मला आणलं. अंगणात उभी करून साबणाने घासली. घासताना म्हणाली, "तू पण घरी बसून कंटाळली असशील." तेव्हापासून ती माझ्याशी बोलायला लागली. माणसं एकटी राहिली की असं होतं, मी काही विशेष मानलं नाही.

आमच्याकडे उन्हाळा डिसेंबर ते मार्च. दुपारी सगळं गाव दारं लावून झोपतं. संध्याकाळी उन्हं उतरली की बायका सायकली बाहेर काढतात. आमच्या चौघी झुल्माच्या दारात जमायच्या. झुल्मा बायकांचे केस कापते आणि केस कापताना ज्या बातम्या कळतात त्या सायकलवरून सगळीकडे पोचवते. दुसरी ओफेलिया, खाटकाची बायको, बोलायला कमी आणि चढाला दमदार. तिसरी रोसिना, शाळेत शिकवते, वयाने सगळ्यांत लहान. आणि आमची निबिया. कुठे पोचायची घाई नसायची. नदीवर जायचं, वाळूत बसायचं, माते प्यायची, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, एकाच तुंब्यातून एकाच नळीने आळीपाळीने, आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं. बस, एवढंच. उन्हाळाभर रोज.

रांगेचा एक नियम होता. पुढची बाई रस्त्यात काय आहे ते ओरडून सांगणार. तिच्या मागची तेच पुन्हा ओरडणार, मग तिच्या मागची. "खड्डा." "कुत्रा." "वाळू आहे, सावकाश." असं ते शेवटपर्यंत जायचं. शेवटच्या बाईला झाडू म्हणायचे, कारण मागे राहिलेलं, सांडलेलं, दमलेलं सगळं गोळा करून आणायचं काम तिचं. पुढची जागा मानाची, ती रोज बदलायची. आणि जिचा वाढदिवस असेल ती त्या दिवशी जाताना पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे. तिला कुणी मागे टाकायचं नाही. टाकलं तर सगळ्यांना आइस्क्रीम खिलवायचं.

मला माणसं हातांवरून कळतात. निबियाचे हात माझ्या हँडलवर नुसते ठेवलेले असायचे, मांडीवर ठेवावेत तसे. एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते आवळायला लागले. ज्या खड्ड्यांना आम्ही वर्षानुवर्षं वळसा घालत होतो, त्यांत माझं पुढचं चाक जायला लागलं. मला वाटलं, वय झालं बाईचं.

एका सकाळी मला पुसता पुसता ती म्हणाली, "तुला सांगायला काय जातंय? मला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, गेलेलं परत यायचं नाही. झुल्मा समोर उभी राहिली की तिचे दोन्ही कान दिसतात आणि तोंड दिसत नाही. तसं झुल्माचं तोंड न दिसणं हे काही फार मोठं नुकसान नाही म्हणा."

तिच्या हातातला फडका एकाच जागी फिरत होता.

"कुणाला कळलं तर सायकल बंद," ती म्हणाली. "मग संध्याकाळी मी काय करू? रेडिओशी भांडू?"

त्या दिवसापासून निबिया कायमची झाडू झाली. "मला आपलं मागेच बरं. पुढे ओरडून ओरडून घसा बसतो," असं सांगायची. झुल्मा नारिंगी ब्लाउज घालते. तो रंग डोळ्याच्या कडेला धरायचा, मान जरा वाकडी ठेवायची, आणि पुढून येणाऱ्या हाकांवर चालायचं. खड्डा म्हटलं की वळायचं, कुत्रा म्हटलं की ब्रेक. छान जमलं होतं. मी तर म्हणेन, इतक्या शिस्तीने ती पूर्वीही चालवत नव्हती. लोकांना दिसत असतं तेव्हा ते फार लक्ष देत नाहीत.

अडचण होती ती फेब्रुवारीची. फेब्रुवारीत निबियाचा वाढदिवस.

त्या दिवशी सकाळी तिने माझ्या पुढच्या चाकातली हवा सोडून दिली. माझ्याशी असं कुणी वागलेलं मला चालत नाही. पण तिच्या बोटांना घाम फुटला होता, म्हणून मनावर घेतलं नाही. संध्याकाळी मला ढकलत झुल्माच्या दारात नेलं आणि म्हणाली, "चाक बसलंय गं. तुम्ही जा, मी इथे थांबते."

झुल्माने वाकून टायर चाचपला. "पंक्चर कुठाय? नुसती हवा गेलीय. रोसिना, तो पंप आण."

"अगं, ट्यूब जुनी आहे. पुन्हा जाईल."

"गेली तर पुन्हा भरू. वाढदिवस चुकवतेस होय? केकचा तुकडा पण मागशील नंतर."

रोसिनाने हवा भरली. ओफेलियाने माझ्या टोपलीला लाल फीत बांधली. रोसिना म्हणाली, "निबियाताई, कुठे न्यायचं ते आज तुम्ही ठरवा."

"नदीवर. नेहमीच्या रस्त्याने," निबिया म्हणाली. तिचा आवाज औषधाच्या दुकानातला होता, गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाही असा.

निघालो. गावातले रस्ते तिला पाठ होते. बेकरीचा वास आला की डावीकडे, शाळेच्या भिंतीशी चाकांचा आवाज बदलला की सरळ. पण गाव संपलं की पुढे मुरमाचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षतोडणी. भरलेले ट्रॅक्टर ये-जा करत असतात आणि त्यांना सायकलीची काही पडलेली नसते. निबिया मान वाकडी करून रस्त्याच्या कडेचं गवत धरून चालली होती. तिचे हात इतके आवळले होते की माझं हँडल थरथरत होतं. खरं सांगते, मला भीती वाटली. मी लोखंडाची आहे, आपटले तर ठोकून सरळ करतील. तिला कोण सरळ करणार?

पुढच्या बाईने गप्प राहायचं नसतं. मागच्यांना संशय येतो. निलगिरीच्या झाडांपाशी तिच्या डोळ्याच्या कडेला काहीतरी काळं आलं आणि ती ओरडली, "खड्डा."

तिथे खड्डा नव्हता. झाडाची सावली होती. माझं चाक तिच्यावरून गेलं असतं तर काडीचाही फरक पडला नसता. निबियाने वळसा घातला. मागून झुल्मा ओरडली, "खड्डा." तिच्या मागून ओफेलिया ओरडली, "खड्डा." शेवटून रोसिना ओरडली, "खड्डा." आणि तिघींनी त्या सावलीला एकापाठोपाठ एक नीट वळसा घातला.

मला तेव्हा कळलं. निबियाला नाही कळलं, तिला आपला खड्डा बरोबर सापडला असंच वाटलं. तिचे हात जरासे सैल झाले.

थोडं पुढे गेल्यावर झुल्माचा आवाज आला. ओरडून नाही, माते हातात देताना बोलतात तसा. "ट्रॅक्टर, समोरून. उजवीकडे हो. अजून. पुरे, तशीच राहा."

हे उलटं होतं. हाक नेहमी पुढून मागे जाते. निबियाने मागे वळून पाहिलं नाही. ती उजवीकडे झाली, अजून झाली, आणि तशीच राहिली. ऐकलेलं पुन्हा सांगायची सवय इतकी जुनी की पुढे कुणीही नसताना ती हळूच म्हणाली, "ट्रॅक्टर." धडधडत तो आला. द्राक्षांचा एक लोंबता घड माझ्या हँडलला घासून गेला. आणि गेला तो.

तिथून नदीपर्यंत सगळ्या हाका मागून आल्या. "वाळू आहे." "आता उतार." "गाय बसलीय, डावीकडे." निबिया फक्त सांगितलं तसं करत गेली.

किनाऱ्यावर मला झाडाला टेकवून ती वाळूत बसली. झुल्माने थर्मासमधलं पाणी तुंब्यात ओतलं. पहिला तुंबा निबियाला दिला. निबियाने तो घेतला नाही.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी ओफेलिया बोलली. "नोव्हेंबर. औषधाच्या दुकानाबाहेर ती क्रीमच्या जाहिरातीतली पुठ्ठ्याची बाई उभी असते ना? तिला तू नमस्कार केलास."

"आणि आईची तब्येत विचारलीस," झुल्मा म्हणाली.

निबिया म्हणाली, "तरीच म्हटलं, ही आज इतकी तुटक का वागतेय."

रोसिना हसली आणि लगेच रडायला लागली. निबियाला मात्र राग आला होता आणि तो तिने गिळला नाही. "म्हणजे इतके दिवस तुम्ही माझी मजा बघत होता. आणि आज मला पुढे काढलंत."

"तुला पुढे काढलं नसतं तर काय म्हणाली असतीस?" झुल्माने विचारलं. "म्हणाली असतीस, हिने मला रांगेतून काढलं. मी तीन रात्री झोपले नाहीये, बाई. म्हटलं, तू स्वतःहून सांगशील. तू तर चाकातली हवा सोडून बसलीस."

"ती हवा आपोआप गेली."

"हो तर."

निबियाने तुंबा घेतला. माते शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, नळीतून खरखर आवाज येईपर्यंत. मग म्हणाली, "ऐका. आज माझ्या मागे तुम्ही होता. पण माझ्या पुढे एखादं पोर आलं असतं तर? मी त्याला सावली समजले असते. आता घरी जाईपर्यंत चालवते. त्यानंतर हँडल धरायचं नाही." कुणी तिची समजूत घालायला गेलं नाही. ती खरं बोलत होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

परतताना ती झुल्माच्या मागे होती. हात पूर्वीसारखे नुसते ठेवलेले. तो रस्ता मला फार लवकर संपल्यासारखा वाटला. दारात उतरल्यावर तिने लाल फीत सोडून खिशात टाकली, माझ्या सीटवर दोनदा थापटलं आणि आत गेली. मला वाईट वाटलं. कोंबड्यांच्या खोपट्यात पडले होते तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

हंगाम संपताना किनाऱ्यावरच्या भाड्याच्या सायकलवाल्याने एक जुनी दोन सीटची सायकल मोडीत काढली. झुल्माने त्याच्या बायकोचे केस जन्मभर फुकट कापायचं कबूल करून ती मिळवली. आता पुढे झुल्मा, मागे निबिया. निबिया सगळ्यांना सांगते, "मला दिसत नाही, हिला ऐकायचं नसतं. दोघी मिळून एक बाई होते." लांबच लांब, बेढब सायकल आहे ती. वळताना गायीसारखी वळते. पण निबियाला रोज घेऊन जाते, त्यामुळे तिच्याविषयी मी जास्त बोलत नाही.

मला निबियाने डेल्मिराला दिलं. डेल्मिरा ओफेलियाची आतेबहीण, पन्नाशीत सायकल शिकली, आणि माझं हँडल असं धरते की जणू मी पळून जाईन. तिला झाडू केलंय. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांत मागे होतो. पुढे दोन सीटच्या सायकलवर निबियाने मान वाकडी केली आणि म्हणाली, "निळी आली का? हां, आली. साखळी कुरकुरतेय तिची."

डेल्मिरा लाजली. "उद्याच तेल घालते, निबियाताई. माझ्या लक्षातच आलं नाही."

"घाल बाई, घाल," निबिया म्हणाली. "लोखंडाला तेल लागतंच." आणि मग पुढे तोंड करून बसली.

डेल्मिरा, तू जपून वागणारी बाई आहेस, तेलाची बाटली तू आणूनही ठेवलीस. घाल, गंज मलाही नको आहे. पण थोडंच घाल. मला अगदी गप्प करू नकोस, रांगेत मी कुठे आहे ते तिला कळलं पाहिजे.