एक नंबरची प्रत

हात धुऊन आला असलास तरी परत एकदा धू, असं बाळासो मगदुमांनी सांगितलं, तेव्हा सम्राट चहाचा कप खाली ठेवून मुकाट्यानं मोरीकडे गेला. पुण्याहून पाच तास गाडी चालवत आलेल्या पाहुण्याला दोनदा हात धुवायला लावणं बरं दिसत नाही. पण कोल्हापूरच्या दुधाळीतल्या या घराचा तो रिवाजच होता. जुन्या कॉमिक्सला वाळवीइतकंच वाईट काय असेल, तर ते माणसाच्या बोटांचं तेल, असं बाळासोंचं मत होतं. मत एकदा झालं की ते बदलायच्या भानगडीत पडत नसत.

टेबलावर पांढरं फडकं अंथरलेलं होतं. त्यावर भिंग, पोलादी पट्टी, पेन्सिल आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड. एकतीस वर्षं बाळासोंनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासनिसाचं काम केलं. लोखंडाचा ओतीव भाग समोर यायचा, ते भिंगातून चीर बघायचे, पोकळी बघायचे, आणि चांगल्यावर हिरवा, वाईटावर लाल ठिपका द्यायचे. साहेबांनी कितीही घाई केली तरी बघितल्याशिवाय हिरवा ठिपका दिला नाही. त्यापायी बढतीही मिळाली नाही, पण त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर तेच भिंग कॉमिक्सवर चालू लागलं. रद्दीवाल्यांकडून, बंद पडलेल्या वाचनालयांतून ते लहानपणीचे अंक उचलून आणत, तपासत, दहापैकी गुण देत आणि विकत. प्रत्येक अंकाबरोबर चिठ्ठी जायची. 'पान चौदा, खालचा कोपरा दुमडलेला. पिना गंजलेल्या. शेवटच्या पानावर चहाचा थेंब, ज्वारीच्या दाण्याएवढा.' स्वतःच्या मालाची इतकी निंदा करणारा विक्रेता लोकांनी पाहिला नव्हता. बघता बघता त्या चिठ्ठीचंच नाव झालं. संग्राहकांच्या चारशे माणसांच्या ग्रुपवर मगदुमांची चिठ्ठी म्हटलं की कुणी फोटोसुद्धा मागत नसे.

त्यांची बायको विजयमाला या सगळ्याची यथेच्छ चेष्टा करायची. मला बघायला आलासा तवा चिठ्ठी न्हाय लिवली, नशीब माझं, असं ती आल्यागेल्याला सांगायची.

लॉकडाउनमध्ये सगळ्यांना घरात बसून आपापलं बालपण आठवलं आणि भाव कुठल्या कुठं गेले. कामं सुरू झाल्यावर बालपण मागं पडलं, भावही उतरले. आता सम्राटसारखी नवी मंडळी आली होती. त्यांना अंक वाचायचा नसतो. तो परदेशातल्या कंपनीकडे पाठवायचा, त्यांनी गुण द्यायचे, पारदर्शक कडक डबीत कायमचा बंद करायचा आणि वर आकडा छापायचा. डबी उघडली की आकडा रद्द. न उघडता येणारं पुस्तक कशाला घ्यायचं, हे बाळासोंना काही केल्या कळत नव्हतं. पण गिऱ्हाइक तसं होतं.

सम्राटला हवा होता 'कॅप्टन उल्का'चा पहिला अंक. कोल्हापुरातल्याच एका लहान प्रेसनं काढलेली मालिका, नऊ अंकांत बंद पडलेली. पहिल्या अंकाच्या धड प्रती फार तर तीन-चार उरल्या असतील. बाळासोंनी सातवीत असताना मलकापूरच्या स्टँडवर परतीच्या तिकिटाच्या पैशांतून तो घेतला होता आणि घरापर्यंत चालत आले होते. बावन्न वर्षं जपलेली प्रत. गुण साडेआठ. ग्रुपवर सगळ्यांना तोंडपाठ. डबीत बंद होणारी ती पहिलीच मराठी प्रत असेल, असं सम्राटनं आठवड्यापूर्वीच जाहीर करून टाकलं होतं आणि लोक वाट बघत होते.

विजयमाला गेली त्याला आता आठ महिने झाले. त्यानंतर बाळासो एकेक करून सगळंच विकायला काढत होते. दुःख होतं म्हणून नव्हे. दुःख होत असतं तर बरं झालं असतं. सकाळी उठायचं, दूध तापवायचं, ते उतू जाताना बघत उभं राहायचं, असं चाललं होतं. मुलगी अनुजा आली तेव्हा आईच्या साड्या, चपला, पावडरचा डबा, कंगवासुद्धा दाखवून, काय ठेवू, असं विचारत होती. तुला काय करायचं ते कर, असं ते म्हणाले होते. तिनं सगळं वाटून टाकलं. फक्त कागदपत्रांच्या ट्रंकेला हात लावला नाही.

एक नंबरची प्रत त्या ट्रंकेत होती.

एकवीस सालच्या पुरात घरात कमरेएवढं पाणी आलं, तेव्हा बाळासो मुंबईत लेकीच्या बाळंतपणात अडकले होते. विजयमालानं एकटीनं कॉमिक्सची खोकी माळ्यावर चढवली. फोनवर म्हणाली, "तुमचा एक नंबर माझ्या कागदांत ठिवलाय. आता पाणी येऊ दे न्हायतर काय बी येऊ दे, त्येला काय हुत न्हाय." तिनं ठेवलंय म्हटल्यावर विषय संपला. तसाही तो अंक ते सहसा उघडत नसत. प्रत्येक उघडण्यानं अंकाचा कणा थोडा सैल होतो.

सम्राट हात पुसत येऊन बसला. बाळासो आतल्या खोलीत गेले आणि ट्रंक उघडली. वर घराचं खरेदीपत्र. रेशनकार्ड. दोघांची आधारकार्डं. लग्नाचा फोटो. सगळं प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं. पूर ओसरल्यावर गल्लीतल्या प्रत्येक घरानं हेच केलं होतं. भिजलेले कागद वाळवायचे आणि झेरॉक्सच्या दुकानापुढं रांग लावायची. त्या महिन्यात दुकानदाराकडचं प्लास्टिक दोनदा संपलं, असं विजयमालाच सांगत होती.

तळाशी कॅप्टन उल्का होता.

बाळासो तो घेऊन बाहेर आले आणि फडक्यावर ठेवला. सम्राट पुढं वाकला. अंकाच्या पिना काढलेल्या होत्या. पानं मधोमध कापून सुटी केली होती. कडा यंत्रावर सरळ छाटल्या होत्या. मग मुखपृष्ठासकट एकेक पान लॅमिनेट करून, भोकं पाडून, काळ्या स्पायरलमध्ये बसवलं होतं. मागच्या बाजूला दुकानाचं लेबल, त्यावर पेननं तारीख. ऑगस्ट दोन हजार एकवीस. काम मात्र मन लावून केलेलं होतं. एकही बुडबुडा नव्हता.

विजयमालाला जे जे जपायचं होतं, त्या सगळ्याचं तिनं एकसारखंच केलं होतं. घराचं, लग्नाचं आणि याचंही.

बाळासोंना राग आला नाही. यायला हवा होता, एवढं त्यांना जाणवलं. ते खुर्चीत बसून तारखेकडे बघत राहिले.

सम्राट शहाणा होता. तो पाणी प्याला आणि मग हळू आवाजात म्हणाला, की मुंबईत एक जण उष्णता देऊन लॅमिनेशन सोडवतो. शाई थोडी जाते, पण प्रयत्न करता येईल. नाहीतर ग्रुपवर किंमत जमली नाही असं सांगू. त्यात खोटं कोण धरणार? कुणी विचारणारही नाही आणि काकांच्या चिठ्ठीला धक्का लागणार नाही.

"चार वरसं झाली, साडेआठ म्हणत आलोय मी," बाळासो म्हणाले. "न बघता."

"तुम्हाला कुठं माहीत होतं काका?"

"त्येच की. बघितलंच न्हाय."

त्यांनी पॅड पुढं ओढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि तपासायला सुरुवात केली. सम्राटला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. पण उठून जाणंही बरं दिसेना, म्हणून तो बसून राहिला. बाळासो बोलत बोलत लिहीत होते, फाउंड्रीतल्यासारखं. पिना नाहीत. कणा कापलेला. तिन्ही कडा छाटलेल्या, डावीकडे अडतीस भोकं. सर्व पानं प्लास्टिकमध्ये. पान दोन, ठीक. पान चार, ठीक.

पान सातवर भिंग थांबलं.

प्लास्टिकच्या आत एक केस होता. पानाच्या वरच्या कोपऱ्यातून निघून, कॅप्टनच्या खांद्यावरून वळून, खाली पानाच्या आकड्यापर्यंत आलेला. मुळाशी पांढरा, पुढं मेंदीचा तांबूस. यंत्रापाशी उभी राहून तिनंच एकेक पान हातात दिलं असणार.

शेवटच्या वर्षी औषधांनी विजयमालाच्या डोक्यावर एकही केस राहिला नव्हता. त्यानंतर घर इतक्या वेळा झाडलं, पुसलं गेलं होतं की उशीवर, खिडकीच्या गजात, कुठंच काही सापडलं नव्हतं. बाळासोंनी शोधलं होतं. हे त्यांनी अनुजालाही सांगितलं नव्हतं.

"काय झालं काका?"

बाळासो उठले. देव्हाऱ्यापाशी जाऊन वातीचा दोरा घेऊन आले. वाकड्या चिरेची लांबी मोजायची त्यांची ती जुनी पद्धत. दोरा केसाच्या वळणावरून सावकाश फिरवत नेला, टोकाला नखानं खूण केली आणि पट्टीवर सरळ धरला. परत एकदा मोजलं. मग लिहिलं, 'पान सात. आत एक केस. साडेचौदा इंच.'

"हेपण लिहायचं?" सम्राटनं विचारलं.

"दिसलं की लिवायचं."

उरलेली पानं त्यांनी त्याच चालीनं संपवली. चिठ्ठीच्या तळाशी, गुणांच्या जागी, शून्य लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली, की याआधी साडेआठ सांगितले होते ते प्रत न बघता, चूक माझी आहे. सही केली आणि चिठ्ठीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

सम्राट निघताना पाया पडला. बाळासो दारापर्यंत गेले, गाडी मागं घेताना त्याला गटार दाखवलं आणि परत येऊन टेबलाशी बसले. फोन वाजत राहिला. कुणी हळहळलं, कुणी हसण्याची चित्रं टाकली, आणि एकानं लिहिलं, की आता मगदुमांच्या बाकीच्या चिठ्ठ्याही तपासायला हव्यात. बरोबर होतं त्याचं. बाळासोंनी सगळं वाचलं. शिरोळच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं तेवढं कामाचं विचारलं होतं. पान सात सोडवून केस काढता येईल का?

बाळासोंनी चष्मा पुसला. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, उत्तर लिहिलं.

'काढायचा नाही.'

मग भिंग डबीत घातलं आणि हात धुवायला उठले.