बिननावाची त्रेचाळीस भांडी

"आजपासून टॅमरॅक लेक शिक्षण जिल्ह्यात शाळा आणि घर यांच्यातली भिंत कायमची कोसळली आहे!" असं अधीक्षक डॉ. हॅल्वर्सन यांनी सप्टेंबरात जाहीर केलं, तेव्हा ते ऐकायला सभागृहात अकरा माणसं होती. त्यांतली नऊ शाळेच्याच पगारावरची, दहावी साहेबांची बायको, आणि अकरावा गृहस्थ मासेमारीचा परवाना काढायला निघून चुकीच्या दारातून आत आलेला. बिस्किटं चांगली होती म्हणून तो शेवटपर्यंत बसला.

भिंत पाडण्याचं काम मार्लिस एंगेब्रेटसनकडे होतं. तिच्या दारावर 'कुटुंब व समाज भागीदारी समन्वयक' अशी पाटी होती. दाराहून थोडीच लहान. तीन शाळा, आठशे घरं आणि एक मार्लिस. मार्चच्या सभेला चाळीस घरांतली माणसं आली नाहीत तर हे पदच बंद, असं शाळा मंडळानं ठरवलं होतं. पद बंद म्हणजे मार्लिसला पुन्हा बहिणीच्या दुकानात कुत्र्यांची नखं कापायला जावं लागणार. बहिणीनं कात्री जपून ठेवली होती.

साहेबांनी काढलेली भागीदारीची आकृती, सहा वर्तुळं आणि बारा बाण, घरोघर पोचली. जानेवारीच्या सभेला चार घरं आली. त्यांतली दोन शिक्षकांचीच.

तसं गाव येत नव्हतं असं नाही. ऑक्टोबरात घरटी एकेक पदार्थ आणून शाळेत जेवण झालं, त्याला सगळं गाव लोटलं होतं. पण मधेच हिमवादळाची सूचना आली, माणसं गाड्यांकडे पळाली आणि त्रेचाळीस भांडी शाळेच्या स्वयंपाकघरात राहिली. आपलं भांडं परत मागणं म्हणजे मिनेसोटात उद्धटपणा. चार महिने रिकाम्या फडताळाकडे बघून सुस्कारे टाकायचे, पण अवाक्षर काढायचं नाही.

प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव होतं. फेब्रुवारीत मार्लिसनं ठरवलं, भांडी स्वच्छ करून स्वतः घरोघर पोचवायची. तिनं ती शाळेच्या भांडी धुण्याच्या मोठ्या यंत्रात घातली. भांडी लखलखीत निघाली. नावांचा लगदा गाळणीत सापडला.

सफाईचं काम बघणाऱ्या एलरॉयनं आत डोकावून पाहिलं. "चकाकतायत हो, बाई. आता कुणाचं कुठलं?"

"तेच बघतेय."

"जपून हं. आर्डिसआजीचं एक भांडं तीस वर्षांपूर्वी वर्नाकडे राहिलं होतं. अजून चर्चमध्ये दोघी वेगवेगळ्या बाजूला बसतात."

साहेबांनी दिलगिरीचं चार पानी निवेदन सुचवलं. मार्लिसनं तीन ओळी लिहिल्या: 'तुमचं भांडं आमच्याकडे आहे. नावाच्या पट्ट्या माझ्या चुकीनं निघाल्या. मार्चच्या सभेला साडेपाचला या आणि ओळखून न्या.'

मागणं उद्धटपणाचं खरं, पण बोलावल्यावर न जाणं त्याहून वाईट. शिवाय आपलं भांडं दुसरीच कुणी उचलेल ही धास्ती. सभेच्या गुरुवारी शाळेपुढे गाडी लावायला जागा उरली नाही. ज्यांचं काहीच राहिलं नव्हतं, तेही कुणाचं राहिलंय ते बघायला आले.

"हे माझं वाटतं," वर्ना म्हणाली.

"असेल गं," आर्डिसआजी म्हणाल्या. "कोपऱ्याचा टवका तेवढा माझ्या ग्रेगनं पाडलाय, ब्याऐंशी साली. पण तुला आवडलं असेल तर ने."

"छे छे, तुम्हीच न्या, आजी."

"नको, तू ने."

पाव तास दोघी एकमेकींना भांडं देत होत्या. तीस वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं.

टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात काम करणारी फादुमो आपली सांबुशांची, म्हणजे सोमाली सामोशांची, परात शोधत होती. "बाई, आमच्या बसथांब्यावर बर्फाचा हा एवढा ढीग असतो," तिनं छातीशी हात नेला. "पोरं रस्त्यात उभी राहतात."

"आमच्याही," वर्ना म्हणाली. "मला वाटलं आमच्याच."

मार्लिस वळली. "मग आजवर बोलला का नाहीत?"

"कुणाला उगाच त्रास!" दोघी एकदम म्हणाल्या.

मार्लिसनं हाताशी आलेला कागद पालथा करून लिहायला घेतलं. तो साहेबांच्या आकृतीचा निघाला. सात वाजेपर्यंत मागची बाजू भरली. नऊ थांबे. गावचा बर्फ उपसणारा एलरॉयचा भाचा टेबलाशीच सापडला, तो म्हणाला, "आधी सांगितलं असतंत तर आधीच केलं असतं." शाळेच्या नर्सबाईंना सोमाली घरी फोन करायचा असेल तेव्हा त्यांच्या भाषेत बोलून द्यायचं फादुमोनं कबूल केलं.

साहेबांनी हजेरी मोजली. एकसष्ट घरं! ते खुर्चीवर चढले. "मित्रहो, मार्लिसबाईंचं पद राहणार! आज या जिल्ह्यात भागीदारीचं नवं पर्व सुरू झालं आहे!"

मार्लिस दिवसभरात पहिल्यांदा खाली बसली.

"कुणाला काही सांगायचंय?" साहेबांनी विचारलं.

मग मागून आर्डिसआजींचा हात खांद्यापर्यंत वर आला.

"विशेष काही नाही. सगळं छानच झालं," त्या म्हणाल्या. "माझ्या त्या टवक्याच्या भांड्याचं झाकण कुठे दिसलं तर तेवढं बघा. नसलं तर राहू दे."