आवडीच्या अंगावरच्या खुणा

लवू परब निवृत्त झाले आणि त्यांच्या आयुष्यात दुसरी बाई आली. तिला मरून शंभरावर वर्षं झाली होती, म्हणून नलिनीला भांडायचीही सोय नव्हती.

आवडी तिचं नाव. लवूंची खापरपणजी. तान्हं पोर सासूच्या ओटीत टाकून ती मालवणाकडून निघाली आणि मुंबईच्या धक्क्यावर मॉरिशसला मजूर नेणाऱ्या जहाजात चढली, एवढंच घरात ऐकून ठाऊक. तीन वर्षं मुलुंडच्या घरात तीच नांदत होती. चहाला आवडी, जेवताना आवडी.

"बोट लागली असेल गो तिला," हातातला घास तसाच धरून लवू म्हणायचे.

फोंडा घाटात एसटी लागून नलिनी बेजार झाली होती, तेव्हा हेच शेजारी घोरत होते.

आज मॉरिशसच्या दफ्तरखान्यातून मेल आला.

"नले, गावली गो!"

आवडीची नोंद लवूंनी लगोलग वहीत उतरवली आणि वाचायला घेतली. "वय बावीस. उंची चार फूट दहा. खुणा : हनुवटीवर गोंदण, डाव्या हातावर भाजल्याचा डाग." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चुलीशी भाजली असेल. किती दुखलं असेल बिचारीला!"

नलिनीने पदर दोन्ही हातांवरून ओढून घेतला.

"खुणा कशाला लिहायचे?"

"मजूर पळालाच तर ओळखायला."

"मग मी पळाले तर पोलिसांत काय लिहून द्याल?"

"तू कशाला पळशील?"

"सांगा ना. माझ्या अंगावरची एक खूण."

लवूंनी चष्मा चढवला.

"बघून नाही! अडतीस वर्षं बघितलंत की."

"मानेवर तीळ."

"तो तुमच्या बहिणीला."

"कपाळावर... टाके?"

"ते नितेशला. आपल्या पोराला."

लवू हळूच म्हणाले, "पळालीस तरी नाक्यावरून परत येशील. गॅस बंद केला का बघायला."

हसू ओठांपर्यंत आलं. तिने ते आल्या वाटेने परत पाठवलं.

पदर सारून तिने उजवा हात टेबलावर ठेवला. मनगटाच्या वर, पिंपळपानाएवढा गुळगुळीत डाग. लग्नाच्या पहिल्या वर्षी स्टोव्ह भडकला होता. वर यांच्याच अंघोळीचं पाणी होतं.

लवूंनी डागाला बोट लावलं, भीत भीत, जणू अजून गरम असावा.

"खूप दुखलं होतं?"

"तिला लगेच विचारलंत. मला अडतीस वर्षांनी." नलिनीने वही त्यांच्यापुढे लोटली. "लिहा."

"ह्यात? ही आवडीची वही गो. पान भरलंय."

"समासात लिहा."

लवूंनी पेन उघडलं आणि नोंदीच्या तळाशी टेकवलं. नलिनीने त्यांचं मनगट धरलं, हात वर सरकवला, आवडीच्या नावाच्याही वर नेला.

"इथे," ती म्हणाली. "आधी माझं."