अकरा दात्यांचं चाक

मित्रांनो, मी एक जुनं रेल्वे इंजिन आहे. आकाराने तळहाताएवढं, पण मला खेळणं म्हणाल तर खबरदार! माझ्या पोटात खरी मोटर आहे, पितळी आस आहेत, आणि मोटरची ताकद चाकांपर्यंत नेणारं प्लास्टिकचं एक दातेरी चाक आहे. म्हणजे, होतं. त्याचीच ही गोष्ट.

कारखान्यात माझ्यासारखी शेकडो इंजिनं बनली. तिथल्या एका बाईने बारीक कुंचल्याने माझ्या अंगावर लाल पट्टा ओढला आणि मला खोक्यात ठेवलं. तिथून मी आलो तो थेट कवळीवाल्यांच्या घरी. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे आणि हे गृहस्थ मागच्या खोलीत बसून त्यावरून कवळ्या घडवायचे. त्याच खोलीत, भिंतीलगतच्या फळीवर, माझे रूळ होते.

माझी काय बडदास्त होती म्हणून सांगू! दर रविवारी सकाळी ते खोडरबराने रूळ पुसायचे. पॉलिश कागद त्यांनी कधी लावला नाही. त्याने ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत घाण बसते. मग स्पिरिटच्या फडक्यावर माझी चाकं फिरवायचे. शेवटी सुईच्या टोकावर तेलाचा एकच थेंब घेऊन आसाला टेकवायचे. प्लास्टिकला मात्र तेलाचा वासही लागू द्यायचे नाहीत. बघायला आलेले लोक म्हणायचे, "तीस वर्षांचं? वाटत नाही हो!" मी असा फुगायचो!

एक गोष्ट तेव्हाही मला टोचायची. त्यांच्या बायकोने नुसता हात पुढे केला तरी ते ओरडायचे, "अगं, हात नको लावूस! तुला नाही जमायचं." त्या चहा ठेवून निघून जायच्या. तीस वर्षं त्यांनी मला दारातूनच पाहिलं.

मग कवळीवाल्यांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. दीड महिना ते इस्पितळात होते. मी फळीवर धूळ खात पडलो होतो. ते घरी यायच्या आठवडाभर आधी बाई माझ्याकडे वळल्या. नवऱ्याने खोलीत पाऊल टाकलं की गाडी धावताना दिसली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"किती दिवसांचा उपाशी आहेस रे बाबा," म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातलं तेल आणलं आणि चमचाभर माझ्या पोटात ओतलं. तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती! त्या रोज थोडं थोडं ओतत राहिल्या. तेल धुळीत मुरलं आणि आत सगळा चिकटा झाला.

ते आले. बाईंनी मोठ्या हौसेने बटण दाबलं. मोटर नुसती कण्हली. बाईंनी बटण आणखी दाबून धरलं, आणि आत कट् असा आवाज झाला. माझं दातेरी चाक चिरलं होतं. दारातल्या दारात कवळीवाल्यांना ते कळलं.

"अहो, मी वाटोळं केलं हो," बाईंना रडू फुटलं.

"तू नाही गं," ते थांबत थांबत म्हणाले. "मीच तुला कधी काही दाखवलं नाही. ये, बस इथे."

त्या दिवसापासून ते सांगायचे आणि बाई करायच्या. त्यांनी माझे स्क्रू काढून बशीत ठेवले. काडीला कापूस गुंडाळून सगळा चिकटा काढला. तसलं चाक आता कुठे मिळत नव्हतं. कवळीवाले म्हणाले, "कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतो, त्या गुलाबी मसाल्याचं करू. लोक त्याने वर्षानुवर्षं चावतात, तर हे इंजिन काय चीज आहे!" किती दिवसांनी बाई हसल्या.

त्यांच्या सांगण्यावरून बाईंनी मसाल्याची गोल चकती ओतली. तिला अठरा दाते हवे होते. जुनं चाक चिरून फाकलं होतं, त्याचं माप घेता येत नव्हतं. सगळं माप त्यांच्या नजरेत होतं. ते डाव्या हाताने एक खूण करायचे आणि बाई कानशीने तेवढा दाता घासायच्या. ते लवकर थकायचे, म्हणून रोज एकच. बाई विचारायच्या, "खूण कशी काढायची, तेही सांगा ना." ते म्हणायचे, "आधी हात बसू दे. सांगतो नंतर, घाई काय आहे?"

अकरा दाते झाले. बाराव्या दिवशी दुपारी जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.

पुढे बाई मला घड्याळवाल्याकडे घेऊन गेल्या. चाक उलटंसुलटं करून तो म्हणाला, "बाई, हे आता कोण करत बसणार?"

आता दर रविवारी त्या रूळ पुसतात, चाकं पुसतात, सुईने एकच थेंब लावतात. तसूभरही चुकत नाहीत. मग ते गुलाबी चाक हातात घेतात आणि अकराव्या दात्याशेजारी कानस टेकवतात. उरलेल्या सात खुणा त्यांनी कागदावर कितीदा तरी काढल्या आहेत. पण केसभर चुकलं तर कवळीवाल्यांनी खूण केलेले अकराही फुकट जातील, या भीतीने हात पुढे सरकत नाही. त्या कानस खाली ठेवतात आणि मला झाकून ठेवतात. मला फार वाईट वाटतं, मित्रांनो, स्वतःपेक्षा त्यांचं जास्त.

तुमच्या घरात कुणाच्या हातात अशी एखादी कला असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. कसं करायचं ते विचारा. ते म्हणतील, सांगतो नंतर. तुम्ही उठू नका.